ज्या फवारणीची वर्दी दिली नाही

आक्का, तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले आणि मी अजून नीट रडलेले नाही. दहाव्याला बायकांच्या गळ्यात पडून रडले, कुणीतरी पाणी पाजलं, सगळं रीतसर झालं. पण ते रडणं माझं मलाच पटलं नाही. "सख्ख्या बहिनींवानी हुत्या गं दोघी जावा," असं मागून कोणीतरी म्हणालं, तेव्हा मी पदरात तोंड लपवलं. त्यांना वाटलं, दुःखानेच. तुम्ही माणसं ओळखण्यात पक्क्या, पण माझ्या बाबतीत तुमचा अंदाज दोन वर्षं चुकत राहिला, आणि मी तो चुकू दिला.

मी या घरात आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती आणि तुम्हाला सही करता येत नव्हती. सासूबाईंच्या देखत तुम्ही माझ्यापुढची परात ओढून घेतलीत आणि म्हणालात, "तू जा तुझ्या कालिजात. भाकरी काय, कुनीबी थापतंय." शेवगावच्या ज्युनियर कॉलेजात मी आज जीवशास्त्र शिकवते ते त्या एका वाक्याच्या जोरावर. सही मी तुम्हाला शिकवली. बँकेत पहिल्यांदा सही केलीत त्या दिवशी तुम्ही वाटेत भेटेल त्याला सांगत आलात, "आमच्या मास्तरनीनं शिकीवली." नावाने तुम्ही मला कधी हाक मारलीच नाहीत. एरवी मास्तरीन, आणि राग आला की 'शिकलेली'. ते लांबवलेलं, कोरडं 'शिकलेली' ऐकलं की मी मुकाट्याने धुणं घेऊन विहिरीकडे जायची.

तुमचे मालक, तात्या, गेल्यावर तुम्ही अर्धा एकर तुती लावलीत आणि पत्र्याची शेड उभी करून रेशीम करायचं ठरवलंत, तेव्हा सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं. मीही त्यात होते, हे कबूल करते. वर्षभरात आमची तोंडं बंद झाली. नेवाशाकडून टेम्पोने चॉकी यायची, म्हणजे दोन वेळा कात टाकलेले बारीक किडे, आणि त्या दिवसापासून तुमचं घर बदलून जायचं. दारातल्या ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय शेडमध्ये कोणी जायचं नाही. अत्तर नको, वासाचं तेल नको, उदबत्ती नको, तंबाखूचं तर नावच नको. रॅकवर चुना भुरभुरताना तुम्ही नवजात बाळाला पावडर लावावी तशा हलक्या हाताने लावायच्या. किडे कात टाकायला स्तब्ध झाले की कुजबुजत बोलायच्या, "लेकरं निजल्यात." शेवटच्या आठवड्यात ती अखंड खात सुटायची आणि शेडभर बारीक कुरकुर ऐकू यायची. मला दारात थांबवून तुम्ही म्हणायच्या, "आईक, पंगत बसली."

तुमच्या तुतीच्या एका अंगाला चुलत्यांचा कापूस आणि दुसऱ्या अंगाला आमची तूर. कापसावर औषध मारायचं झालं की दोन दिवस आधी तुमच्याकडे वर्दी यायची. हा नियम कोणी केला नव्हता, पडून गेला होता. वर्दी आली की तुम्ही त्या बाजूच्या फांद्या आधीच कापून ओल्या पोत्यांखाली रचून ठेवायच्या आणि बांधावर बांबूंना जुनी लुगडी बांधून पडदा करायच्या. लांबून वाटायचं, कोणाच्या तरी लग्नाचा मांडव घातलाय. ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं तेही मान दुसरीकडे वळवून का होईना, "परवा मारायचंय" एवढं सांगून जायचे. सगळ्या शिवाराने ते पाळलं. पाळलं नाही ते एकटीने, घरातल्याच शिकलेलीने.

दोन वर्षांमागे तुरीला शेंगा धरल्या आणि अळी पडली. मी ठरवलं होतं की यंदा रासायनिक औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही. जिवाणूंची भुकटी आणली होती, बीटीची. आणि आपल्याला काही समजलं की ते दुसऱ्याला समजावल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझ्या धंद्याचा दोष. तुम्ही बांधावर गवत कापत होतात. मी काडी घेऊन मातीत आतड्याचं चित्रच काढायला बसले.

"हा मातीतला जिवाणू, आक्का. अंगात एक स्फटिक धरतो, खडीसाखरेच्या खड्यासारखा, पण डोळ्याला न दिसणारा. अळीने तो पानाबरोबर खाल्ला की तिच्या पोटात विरघळतो, कारण तिचं पोट चुन्याच्या निवळीसारखं असतं. आपलं पोट आंबट, चिंचेच्या पाण्यासारखं. तिथे त्याची डाळ शिजत नाही."

"मंग?"

"मग तिच्याच पोटातले रस त्याला छाटतात आणि धार लावतात. तो जाऊन आतड्याच्या पेशीवर बसतो. पण कुठेही बसत नाही. पेशीला बाहेरून कोयंडे असतात असं समजा. याची कडी ज्या कोयंड्यात बसेल तिथेच तो बसणार. बसला की त्याच्यासारखेच आणखी काही जण गोळा होतात आणि सगळे मिळून पेशीला भोक पाडतात. भोकातून पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. एकेक पेशी फुटत आतडं फाटतं. अळीचं खाणं थांबतं, आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. मधमाशीला तो कोयंडा नाही, गांडुळाला नाही, तुम्हाला-मला नाही. म्हणून आपल्याला काही होत नाही."

तुम्ही विळा खाली ठेवून चित्राकडे बराच वेळ बघितलंत. "म्हंजी बिचारीनं खायाचं बी तिनंच आन् धार बी तिच्याच पोटानं लावायची. लई शानं इख हाय गं तुझं."

"विष नाहीच आहे ते, आक्का."

"मारतंय ना? मारतंय तर वर्दी द्यायची."

"याला कसली वर्दी? फक्त अळ्या मरतात याने."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा चित्राकडे पाहिलंत, काहीतरी बोलणार होतात. मग विळा उचललात. "बरं बाई. तू शिकलेली." त्या वेळच्या 'शिकलेली'त राग नव्हता. तुम्ही खरंच मान्य केलं होतंत.

फक्त अळ्या. हे मी माझ्या तोंडाने म्हणाले. रेशीमकिडा ही एका पतंगाची अळी असते, हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते, परीक्षेत त्यावर प्रश्न घालते, आणि चुकीचं लिहिलं तर गुण कापते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. मरणाऱ्यांची यादी मनात करताना मला तुरीवरच्या अळ्या दिसल्या, कोबीवरच्या दिसल्या, कापसातल्या दिसल्या. तुमच्या शेडमधल्या दिसल्या नाहीत. तुम्हाला त्या दिसल्या होत्या का, आक्का? तुम्ही काय बोलणार होतात? दोन वर्षं मी हा प्रश्न घेऊन फिरले आणि विचारायची छाती झाली नाही.

उन्हाने त्या भुकटीचा जोर जातो म्हणून गुरुवारी कॉलेजवरून आल्यावर, दिवस कलता कलता, पाठीवर पंप घेऊन मी स्वतः फवारणी केली. तोंडाला फडकंही बांधलं नाही, एवढा विश्वास. वारं तुतीकडे वाहत होतं. मला त्याचा गारवा बरा वाटला. शुक्रवारी सकाळी तुम्ही नेमक्या त्याच बांधाकडच्या फांद्या कापून लेकरांना घातल्यात.

शनिवारी सकाळी तुमची हाक आली. "मास्तरीन, लेकरं जेवनात." मी आले तेव्हा शेडमध्ये कुरकुर नव्हती. पानं तशीच पडली होती आणि बोटाएवढी वाढलेली, चार दिवसांत कोष करायला निघणारी लेकरं मान वर करून गप्प होती. हात लावला तर अंग सैल. काही काळी पडायला लागलेली. मी एक तळहातावर घेतला आणि त्याच क्षणी मला सगळं समजलं. बांध समजला, वारा समजला, मातीत काढलेलं चित्र समजलं. तोंड उघडायची तीच वेळ होती.

आणि नेमकं त्याच वेळी तुम्हाला सुनीताच्या कनवटीला मिसरीची डबी सापडली.

बिचारी सुनीता. तुमच्या विजयशी लग्न होऊन तिला सहा महिने झाले होते. पाथर्डीकडची, आईचं बघून लागलेली सवय, चोरून लावायची. तंबाखूने रेशीमकिडे मरतात हे तुम्हाला रेशीमवाल्यांच्या शिबिरात दहा वेळा सांगितलेलं. तुम्ही डबी तिच्यासमोर धरलीत आणि विचारलंत, "सकाळी लावून आत आल्तीस?" ती खोटं बोलली नाही. हो म्हणाली. तुम्ही ओरडला नाहीत. हळू आवाजात म्हणालात, "तूच खाल्लीस माझी लेकरं." ती मटकन खाली बसली आणि "चुकलं आत्या, चुकलं" एवढंच म्हणत राहिली. मी तिथेच उभी होते, आक्का. तळहातावर तो किडा तसाच होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातला चोर कसा उभा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

खड्डा आपण दोघींनी खणला. तुम्ही टोपलीमागून टोपली ओतत होतात आणि प्रत्येक थरावर चुना टाकत होतात. शेवटच्या टोपलीला तुमचा हात थांबला आणि ती मला ओतायला लावलीत.

मरायला टेकलेले चार किडे मी डब्यात घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. कारण तंबाखूच निघावी असं मला वाटत होतं, खरं सांगते. माझं चुकावं अशी मी देवाला विनवणी केली. तंबाखू असती तर किडे तडफडले असते, हिरवं ओकले असते, पण आतडं शाबूत राहिलं असतं. निरोगी आतड्याच्या पेशी मी दर वर्षी मुलांना दाखवते. कणसावर दाणे असावेत तशा एकीला एक लागून उभ्या असतात. या आतड्यात ते कणीस राहिलं नव्हतं. पेशी फुगलेल्या, बऱ्याच फुटलेल्या, काही तर भिंतीपासून सुटून आतच तरंगणाऱ्या. मी बांधावर सांगितलं होतं तसंच सगळं, टप्प्याटप्प्याने, जराही इकडेतिकडे नाही. आयुष्यात माझं शिकवणं इतकं बरोबर कधी आलं नव्हतं. मी काच धुतली, डबा धुतला आणि घरी येऊन काही बोलले नाही.

आज बोलू, उद्या बोलू. तुमचा राग निवला की बोलू. पुढची चॉकी नीट पार पडली की बोलू. ती नीट पार पडली, तिच्यापुढचीही पार पडली, आणि मग इतके दिवस का नाही बोललीस याचं उत्तर देणं मूळ चुकीपेक्षा अवघड होऊन बसलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. तुमच्या डोळ्यांत मी जी मास्तरीन होते, ती मला गमवायची नव्हती. शेजारणी म्हणाल्या असतील, कुठल्या तरी फवारणीनं झालं असंल. तुमच्या मनाला ते शिवलं नाही. वर्दी लागत नाही हा शब्द माझा होता ना.

सुनीताने महिन्याभरात मिसरी सोडली. तुम्ही तिला शेडमध्ये घेतलं नाहीत. ती तुती कापायची, भारा डोक्यावरून उंबऱ्यापर्यंत आणायची आणि तिथून तुम्ही तो आत ओढून घ्यायच्या. दोन वर्षं, दिवसातून तीन वेळा, उंबऱ्यापर्यंत. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ऐन पंगतीच्या दिवसांत तुम्ही शेड सोडून दवाखान्यात माझ्या उशाला आठ दिवस बसलात, माझी वेणी घातलीत, नर्सशी माझ्यासाठी भांडलात. त्या आठ दिवसांसाठी शेडमध्ये पलीकडच्या आळीतली बाई ठेवलीत. घरातली सून ठेवली नाहीत. तुमच्या हातची पेज पिताना मला ते माहीत होतं, आणि मी पेज प्यायले.

लेकरं गेल्यापासून मी प्रत्येक गोष्टीची वर्दी द्यायला लागले होते. निंबोळीच्या अर्काचीसुद्धा. तुम्ही हसायच्या. "आता ताकाची बी वर्दी दे, मास्तरीन." मीही हसायची. दोघी हसत असताना पलीकडे सुनीता भारा ठेवून निघून जायची.

तुतीत खुरपताना तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्हाला नगरला हलवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही चांगल्या शुद्धीत होतात. तुतीला पाणी दिलं का विचारलंत, पुढची चॉकी नोंदवलीय ती येईल म्हणालात. मग छताकडे बघत, मला न विचारल्यासारखं विचारलंत, "सुनीची मिसरी सुटली का गं?"

"कधीच सुटली, आक्का."

"ठावं हाय मला. तरी तिला आत सोडवंना. पोरगी उंबऱ्याशी हुबी ऱ्हाती आन् माझं पाऊल मागं सरत न्हाई. लई वंगाळ वागले मी तिच्यासंगं. पाप लागंल मला."

सगळं सांगायचा पहिला शब्द अक्षरशः जिभेवर होता. डॉक्टरांनी त्यांना ताण देऊ नका म्हणून सांगितलंय, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तुमचा हात दाबून म्हणाले, "घरी आलात की बोलू." तुम्ही मान हलवलीत. पाप माझं होतं आणि ते तुमच्या अंगावर ठेवून मी चहा प्यायला खाली गेले. तुम्ही घरी आला नाहीत.

परवा चॉकीवाल्यांचा फोन आला. विजय म्हणाला, रद्द करून टाकू, आता रॅकही विकून टाकू, कोण करणार आहे? सुनीता भिंतीला टेकून उभी होती. तिचं मन होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण म्हणाली, "मी न्हाई करनार. माझा हात वाईट हाय." विजय बाहेर गेल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. चित्र काढलं नाही, कडी-कोयंडा सांगितला नाही. माझ्या फवारणीनं मेले, त्याच दिवशी मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, एवढंच.

ती सुपात तूर पाखडत होती. हात थांबला. मग म्हणाली, "काकू, हे मला कशाला सांगताय? त्यांना सांगायचं हुतं. त्यांच्या तोंडून मला येकदा ऐकायचं हुतं, तुझं काय चुकलं न्हाई म्हनून. येकदाच. आता कोन म्हनंल?" रडली नाही. सूप बाजूला ठेवून उठली आणि विजयला हाक मारून म्हणाली, चॉकी येऊ द्या.

काल चॉकी आली. मी शेडकडे गेले. सुनीता पाय बुडवून आत शिरली होती आणि चुना भुरभुरत होती, तुमच्यासारखाच, हलक्या हाताने. मी बाहेरच थांबले. म्हटलं, निदान एक गोष्ट तरी माझ्याकडे हिला देण्यासारखी आहे. तुम्ही दवाखान्यात जे बोललात ते मी तिला सांगितलं, शब्दाला शब्द. लई वंगाळ वागले, पाप लागंल मला.

क्षणभर तिने माझ्याकडे असं पाहिलं, आक्का, की मला वाटलं, पोचलं. मग ती पुन्हा रॅककडे वळली.

"तुमचं आता काय खरं धरू, काकू?"

तुमचे शब्द खरे होते. ऐकायला दवाखान्यातल्या त्या खोलीत आपण दोघीच होतो. तुम्ही आता नाही, आणि माझ्या तोंडून ते खरे वाटत नाहीत.